जीपचा धूर, बाबांचा खोकला आणि चारशे साठ दिनार

गाडीच्या इंजिनावरचा लेख 'आरोग्य आणि अर्थ' या सदरात कसा, असा प्रश्न वाचकांना पडेल. संपादकांनाही पडला होता. त्यांना मी एवढेच म्हटले, की ज्या इंजिनाबद्दल लिहायचे आहे त्याचा धूर माझ्या वडिलांच्या छातीत गेला आणि त्याचा खर्च माझ्या खिशातून गेला, तेव्हा हे सदर सोडून दुसरे कुठले? गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या कार्यक्रमांत चार-पाच जणांनी मला एकच गोष्ट विचारली. गावाकडची जुनी डिझेल गाडी धूर ओकते आहे, वडील ती विकू देत नाहीत, दुसऱ्या गाडीचे इंजिन टाकून घ्यावे का? प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहावे म्हणून हा प्रपंच.

माझी पदवी यंत्र अभियांत्रिकीची, पोट मात्र संगणकावर. कॉलेजात इंजिन उघडले होते ते परीक्षेपुरते. त्यामुळे खाली जे लिहिले आहे ते तज्ज्ञाचे मत नाही, ठेच लागलेल्या माणसाचा अनुभव आहे, एवढे आधी सांगतो.

आमची जीप

आमचे गाव देवरुखपासून चौदा किलोमीटरवर. बाबा माध्यमिक शाळेत शिक्षक होते. १९९८ साली त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून महिंद्राची एम.एम. ५४० जीप घेतली, १९९३ च्या नोंदणीची, म्हणजे घेतली तेव्हाच पाच वर्षे जुनी. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. गावात तेव्हा दुसरे चारचाकी वाहन नव्हते. त्यामुळे जीप नावाला आमची, पण बाळंतिणीला देवरुखला न्यायचे, गणपती आणायचे, आंब्याच्या पेट्या एस.टी. स्टँडवर पोचवायच्या, ही सगळी कामे तिचीच. बाबांनी कधी कुणाकडून भाडे घेतले नाही. डिझेल कुणी भरले तर नको म्हणाले नाहीत, एवढेच.

या जीपचे इंजिन एक्स.डी.पी. ४.९० या नावाचे. महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून ते घेतले. नावातच त्याची कुंडली आहे. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनची चाल ८३ मिलिमीटर. गुणाकार केला की २११२ सी.सी. येते. आमच्या भागात याला सगळे 'प्यूजो इंजिन' म्हणतात. जोर बेताचा, पण आवाज आणि थरथर कमी. नीट सांभाळले तर फार वर्षे चालते.

आमचे तीस वर्षे चालले. शेवटची पाच वर्षे ते चालत नव्हते, बाबा ते चालवत होते.

धुराचा रंग

मे २०२२ मध्ये सुट्टीवर गेलो तेव्हा पहाटे पडवीतून आवाज आला. बाबा जीप सुरू करत होते. पहिल्या दोन प्रयत्नांत नुसती घरघर, तिसऱ्याला इंजिन लागले आणि पडवी निळ्या धुराने भरली. बाबा खोकत खोकत पंधरा मिनिटे तिथेच उभे. म्हणाले, "गरम झाल्याशिवाय ओढत नाही. आणि बंद पडली तर पुन्हा लागत नाही."

डिझेल गाडीचा धूर हा तिचा रक्ततपासणीचा अहवाल समजावा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त; एअर फिल्टर तुंबला असेल किंवा पंप-नोझल बिघडले असेल. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे, नाहीतर पाणी आत शिरते आहे. आणि निळा धूर म्हणजे इंजिनाचे तेल जळते आहे. पहिल्या दोन्हींवर बहुधा कमी खर्चाचा इलाज निघतो. निळा धूर महाग.

याचे कारण साधे आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात नसते. तिथे हवा वीस-बावीस पट दाबून इतकी तापवतात, की डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत झिजली, की दाबलेली हवा फटीतून खाली निसटते. मग थंडीत, पावसात इंजिन लागत नाही. खाली निसटलेली हवा तेलाच्या टाकीतून भकाभका बाहेर येते. आपले मिस्त्री म्हणतात 'इंजिन बॅक मारतेय'. आणि खालचे तेल त्याच फटीतून वर जाऊन जळते. आमची जीप चारशे किलोमीटरला एक लिटर तेल पीत होती. बाबांनी ही गोष्ट फोनवर कधी सांगितली नव्हती. खोकल्याचीही नाही.

डॉक्टरांचा प्रश्न

त्याच सुट्टीत आईने हट्ट धरला म्हणून रत्नागिरीला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाबांना एका नळीत जोरात फुंकायला लावले. एका सेकंदात माणूस किती हवा बाहेर टाकू शकतो, ते हे यंत्र मोजते. आकडा वयाच्या मानाने बराच कमी आला. डॉक्टरांनी विचारले, "विडी-सिगारेट?" बाबांनी आयुष्यात कधी ओढली नाही. "घरात चूल?" १९९५ पासून गॅस. मग डॉक्टर म्हणाले, "रोज धुरात उभे राहता का कुठे?"

बाबा गप्प. मी म्हटले, "जीप."

डॉक्टरांनी सगळा दोष जीपला दिला नाही, आणि मीही देत नाही. लहानपणीची चूल, खडूची धूळ, वय, सगळ्यांचा वाटा असेल. पण बंद पडवीत रोज पंधरा मिनिटे डिझेलचा धूर, तेही जळक्या तेलासकट, ही गोष्ट आधी थांबवा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. निदान होते सी.ओ.पी.डी., म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसत जाण्याचा विकार.

कुवेतला परतल्यावर मी वाचत बसलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ साली डिझेलच्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले होते. जून २०१२ मध्ये तिने त्याला पहिल्या गटात टाकले, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे असे म्हटले. त्या निर्णयात खाणीत डिझेल यंत्रांजवळ काम करणाऱ्या कामगारांच्या पाहणीचा मोठा आधार होता. या धुरातले काजळीचे कण इतके बारीक असतात, की नाकातोंडात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आमची जीप १९९३ ची, म्हणजे भारत स्टेजचे नियम येण्यापूर्वीची. एप्रिल २०२० पासून देशात कमी गंधकाचे डिझेल मिळते हे खरे, पण झिजलेल्या इंजिनात चांगले डिझेल ओतून धूर चांगला होत नाही.

मी फोनवर सांगून टाकले, "बाबा, जीप विका." ते म्हणाले, "बघू." शिक्षकाचे 'बघू' म्हणजे काय ते मला दहावीपासून माहीत आहे.

श्रावणातली रात्र

ऑगस्ट २०२२. रात्री अकराला शेजारच्या वाडीतल्या एका मुलाला फुरसे चावले. माणसे आमच्या अंगणात आली. जीप लागेना. आठ जणांनी ती पडवीतून ढकलत उतारावर नेली, दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागले. या सगळ्यात वीस-पंचवीस मिनिटे गेली. मुलगा वेळेत देवरुखच्या ग्रामीण रुग्णालयात पोचला, सर्पदंशाची लस मिळाली, आज तो धडधाकट आहे. (जाता जाता: साप चावल्यावर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. हातपाय हलू न देता दवाखाना गाठावा. लसीला दुसरा पर्याय नाही.)

दुसऱ्या दिवशी बाबांनी आपणहून फोन केला. "मी जीप विकणार नाही. पण ही जीपही अशी चालणार नाही. तू इंजिनियर ना? काहीतरी सांग."

माझी पहिली कल्पना: कुवेतहून इंजिन

शुवेखच्या गॅरेजांत जाणाऱ्यांना माहीत आहे, इथे इंजिन बदलणे म्हणजे शर्ट बदलण्यासारखे. अपघातात सापडलेल्या गाडीचे इंजिन काढायचे, दुसऱ्या गाडीत बसवायचे, शनिवारी दुपारी गाडी हातात. वाळूत फिरणारे हौशी लोक निस्सान पट्रोलमध्ये अमेरिकन व्ही-८ इंजिन बसवून घेतात. माझ्या पहिल्या जुन्या गाडीचे इंजिनही मी इथेच बदलले होते. तेव्हा वाटले, एखादे चांगले जपानी डिझेल इंजिन भंगारातून घ्यावे आणि जहाजाने पाठवावे. जीप नवी होईल!

सौ.ने विचारले, "आणि आर.सी. बुकात काय लिहिणार?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ असे सांगते, की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सी.एन.जी. किंवा विजेवर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवायला वेगळी तरतूद आहे, पण मनाला येईल ते इंजिन बसवायला नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. नोंदणीत इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, इंधन, सी.सी. सगळे लिहिलेले असते. त्यात मेळ नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते. आणि आमच्या जीपमध्ये तर नेहमी दुसऱ्यांची माणसे बसलेली असतात.

दुसरी कल्पना: मिस्त्रीचे इंजिन

गावचा मिस्त्री म्हणाला, "प्यूजो काढून टाका, डी.आय. बसवू." त्याच्या सांगण्यात तथ्य होते. महिंद्राचे एम.डी.आय. ३२०० इंजिन २५२३ सी.सी. चे. त्याची पिस्टनची चाल १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर चार इंच. इंचातले हे माप इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातून आलेले. लांब चालीमुळे कमी वेगातही जोर भरपूर. त्यात डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारले जाते, प्यूजोसारखे आधी छोट्या कोठडीत नाही. त्यामुळे हीटर प्लगवाचूनही ते पटकन लागते आणि डिझेल कमी खाते. कमांडर जीपमध्ये, पुढे बोलेरोत हे इंजिन आले. सुटे भाग तालुक्याला मिळतात.

आपल्याकडे हा उद्योग जुना आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात पेट्रोलच्या अँबेसिडर काढून त्यांत मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवत, जुन्या विलीज जीपलाही डिझेलवर आणत. तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा इतके स्वस्त होते, की खर्च लवकर वसूल होई. तो हिशेब आता उरलेला नाही. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारने नियंत्रणातून मोकळे केले, आणि दोघांतले अंतर कमी होत गेले.

पण आमची अडचण हिशेबाची नव्हती. २११२ च्या जागी २५२३ सी.सी. म्हणजे पुन्हा कलम ५२. मिस्त्री म्हणाला, "कोण बघतंय?" तो खोटे बोलत नव्हता, अशा जीपा आमच्या भागात दिसतात. पण आमच्या जीपची नोंदणी नोव्हेंबर २०२३ मध्ये संपत होती. खाजगी गाडीला पहिली पंधरा वर्षे, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. तिथे निरीक्षक इंजिन क्रमांक बघतोच.

इथे माझी एक चूक सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये मी घाई केली. एका भंगारवाल्याला फोनवरच पंधरा हजार रुपये आगाऊ पाठवले. त्याने फोटो पाठवला, इंजिन चांगले दिसत होते. कागद मागितल्यावर तो म्हणाला, "कागद कशाला, इंजिन चालतंय ना?" मी नकार दिला आणि पंधरा हजार गेले. चोरीच्या गाडीचे इंजिन घरात येण्यापेक्षा हे बरे, असे मनाला समजावले.

तिसरा मार्ग: नाव दुसरे, इंजिन तेच

उत्तर बाबांनीच शोधले. त्यांचा एक माजी विद्यार्थी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनकाम करतो. तो म्हणाला, "सर, जीपचंच इंजिन कशाला शोधता? आर्मडात हेच प्यूजो होतं." खरेच! महिंद्राची आर्मडा १९९३ मध्ये आली ती याच एक्स.डी.पी. ४.९० इंजिनावर. गाडी वेगळी, मॉडेल वेगळे, पण कंपनी तीच, जात तीच, सी.सी. तेवढीच. नोंदणीत फक्त इंजिन क्रमांक बदलणार होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कुवेतच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीला रजा जोडून मी गेलो. आधी आर.टी.ओ. कार्यालयात अर्ज दिला, मग इंजिन घेतले. हा क्रम उलटा करू नये. आर्मडाच्या मालकाने नोंदणी रद्द केल्याचा कागद, विक्रीची पावती आणि इंजिनावर ठोकलेला क्रमांक, तिन्ही जुळवून पाहिले. जीप टेम्पोवर घालून आंबा घाटातून कोल्हापूरला नेली. बाबा टेम्पोत पुढे बसले होते. सबंध घाटभर मागे वळून बघत होते.

त्या गृहस्थांनी एक गोष्ट शिकवली. जुने इंजिन घेतले की ते तसेच बसवायचे नाही. आधी पूर्ण उघडायचे, मापे घ्यायची. आमच्या आर्मडाच्या इंजिनाची भिंत शाबूत होती, रिंगा आणि बेअरिंगे बदलावी लागली, व्हॉल्व्ह घासून बसवले. तेलाचे चेंबर जीपचेच ठेवावे लागले, कारण आर्मडाचे पुढच्या आसाला आडवे येत होते. पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला दिले. क्लच प्लेट, रेडिएटरची सफाई, पाण्याचे पाइप, फाउंडेशनची रबरे, हे 'उघडलेच आहे तर करून टाकू' या सदरातले खर्च.

हिशेब

वाचकांसाठी सगळे आकडे देतो.

आर्मडाचे इंजिन, कागदांसह: ३८,००० रुपये
रिंगा, बेअरिंगे, गॅस्केट संच: २४,५००
हेडचे काम: ६,५००
पंप-नोझल: ९,८००
क्लच: ७,२००
रेडिएटर, पाइप, रबरे: ८,४००
मजुरी: १४,०००
टेम्पो: ६,५००
आर.टी.ओ., विमा नोंद वगैरे: ४,१००
बुडालेली आगाऊ रक्कम: १५,०००
एकूण: १,३४,००० रुपये

जुने इंजिन भंगारात ११,००० ला गेले. निव्वळ खर्च १,२३,००० रुपये. तेव्हा एका दिनाराला साधारण २६७ रुपये मिळत, म्हणजे सुमारे ४६० दिनार. मी सुरुवातीला ७५,००० चा अंदाज धरला होता. जुन्या गाडीच्या कामात अंदाजाला दीडने गुणावे हा धडा.

आता मिळकत. बाबांची जीप वर्षाला चार हजार किलोमीटर चालते. पूर्वी लिटरला नऊ किलोमीटर देई, आता बारा. वर्षाला १११ लिटर डिझेल वाचते. लिटरला सुमारे ९४ रुपये धरले तर १०,४०० रुपये. इंजिन तेलाची बचत तीन हजारांची. एकूण साडेतेरा हजार. म्हणजे खर्च वसूल व्हायला नऊ वर्षे लागतील.

आणि नोंदणीचे नूतनीकरण फक्त पाच वर्षांचे! नवे इंजिन टाकले म्हणून गाडीचे वय कमी होत नाही, ते चेसिसच्या नोंदणीवरूनच मोजतात. एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार रुपये झाले, शिवाय महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे. नुसत्या पैशाच्या हिशेबाने पाहिले, तर हा व्यवहार तोट्याचा. त्या रकमेत जीपची विक्रीची किंमत मिळवून एखादी जुनी, पण पुष्कळ नंतरची गाडी आली असती. माझ्या संगणकावरच्या तक्त्यात हेच उत्तर येत होते.

मग केले का? तक्त्यात एक रकाना नव्हता, तो बाबांनी भरला. मी त्यांना म्हटले, "भाड्याची गाडी लावून देतो महिन्याला." ते म्हणाले, "रात्री अकराला भाड्याची गाडी देवरुखहून येईपर्यंत फुरशाचं विष थांबतं का?"

आता परिस्थिती अशी

जीप पहिल्या फटक्यात लागते. धूर सुरू करताना थोडा, नंतर दिसत नाही. पी.यू.सी. मिळाले, नोव्हेंबर २०२३ मध्ये नूतनीकरण झाले, आता २०२८ पर्यंत काळजी नाही. बाबांना एक अट घातली, पडवीत इंजिन सुरू ठेवून उभे राहायचे नाही. जीप आता अंगणात उघड्यावर, पत्र्याच्या छपराखाली असते. खरे तर हा बदल फुकटात आणि पाच वर्षे आधी करता आला असता. इंजिनाच्या खर्चाचा हिशेब मी पैशापैशाने ठेवला, पण जीप चार पावले बाहेर उभी करा, हे सांगायला मात्र कुणाला सुचले नाही. मलाही नाही.

डॉक्टरांनी बाबांना श्वासाचा पंप दिला आहे. सुरुवातीला ते घेत नव्हते, 'सवय लागते' म्हणून. हा गैरसमज आपल्या घराघरांत आहे. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जाते म्हणून गोळीपेक्षा फार थोड्या प्रमाणात पुरते. शेवटी मी म्हटले, "जीपच्या पंपाला नऊ हजार आठशे घातले, तुमचा त्याहून कितीतरी स्वस्त आहे." तेव्हा हसले आणि घेऊ लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा फुंकून पाहिले. आकडा वाढला नाही, पण घसरलाही नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात गेलेले परत येत नाही, आहे ते टिकले तर तीच मिळकत. आई म्हणते, पहाटेचा खोकला कमी झाला. मी आईवर विश्वास ठेवतो.

वाचकांसाठी थोडक्यात

१. निळा धूर दिसला की लगेच इंजिन बदलू नका. आधी चारही सिलिंडरांचा दाब मोजून घ्या. एका सिलिंडरचाच दोष असेल तर थोडक्यात भागेल.

२. दुसऱ्या मॉडेलचे इंजिन घ्यायचे तर कंपनी, जात, इंधन आणि सी.सी. जुळणारेच बघा. जास्त ताकदीचा मोह सोडा. ब्रेक, गिअर आणि आस जुन्याच ताकदीसाठी बनवलेले असतात.

३. आर.टी.ओ.ची परवानगी आधी, इंजिन नंतर. बदल झाल्यावर चौदा दिवसांत कळवायचे असते. विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांच्या उत्तराची प्रत ठेवा. कुवेतमध्ये इंजिन बदलणार असाल तर इथल्या वाहतूक खात्यातही आधी विचारा.

४. इंजिनावरचा क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर किंमत कितीही कमी असो, परत फिरा.

५. नोंदणी संपायला दोन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील, तर नूतनीकरण होईल की नाही याचा अंदाज आधी घ्या.

६. फोनवरून आगाऊ पैसे पाठवू नका. गावात कुणीतरी स्वतः जाऊन बघेल तेव्हाच द्या.

७. बंद जागेत कुठलेही इंजिन चालू ठेवू नका, पेट्रोलचे तर मुळीच नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. इथे थंडीत वाळवंटात कॅम्पिंगला जाणाऱ्यांनी तंबूत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये, तेही याच कारणाने.

८. वडिलांना फोनवर 'खोकला आहे का?' असे विचारू नका. ते नाही म्हणतील. आईला विचारा.

मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. तो चावा झालेला मुलगा आता जीप चालवायला शिकतो आहे. बाबा म्हणाले, "२०२८ पर्यंत त्याचा हात बसेल. मग मी शेजारी बसेन." मी म्हटले, खिडकी उघडी ठेवून बसा.

ज्यांना याबाबत अधिक काही विचारायचे असेल, त्यांनी मंडळाच्या पुढच्या सभेत जरूर भेटावे. हिशेबाचा तक्ता माझ्याकडे आहे, बाबांनी सांगितलेला रकाना आता त्यात घातला आहे.